बंदीची यादी आणि वर्दी : अमेरिकेतील आक्रमक जलीय प्रजातींच्या व्यापार-नियमनाचा इतिहास (१८९९ ते २०२२)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नद्या व तलाव यांच्याशी ज्याचा थोडाफार परिचय आहे, त्याला जलपर्णीची ओळख वेगळी करून देण्याची आवश्यकता नाही. पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना, कोल्हापूरचा रंकाळा अशा अनेक जलाशयांवर पसरणारा तिचा हिरवा गालिचा आता परिचयाचा झाला आहे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील होय. तिच्या जांभळ्या फुलांचे आकर्षण हे तिच्या जगभरातील प्रसाराचे एक प्रमुख कारण ठरले. शोभेची वनस्पती म्हणून ती विकली गेली, बागेतील हौदात लावली गेली आणि हौदातून नदीत गेली. म्हणजेच जलपर्णीचा इतिहास हा जसा वनस्पतीचा इतिहास आहे, तसाच तो व्यापाराचाही इतिहास आहे.

परकीय जलीय प्रजातींच्या प्रसाराचा विचार करताना सामान्यतः जहाजे, कालवे व मत्स्यशेती यांचा उल्लेख केला जातो. परंतु शोभेचे मासे, पाणवनस्पती व जिवंत खाद्यमासे यांचा व्यापार हाही तितकाच महत्त्वाचा मार्ग आहे. इंटरनेटच्या प्रसारानंतर या व्यापाराचे स्वरूप बदलले. विक्रेता एका देशात, ग्राहक दुसऱ्या देशात आणि माल टपालाच्या पाकिटात, अशी स्थिती निर्माण झाली. अशा व्यापारावर नियंत्रण कसे ठेवावे आणि त्यातील धोक्याची वर्दी कोणी, कोणास द्यावी, हा आज अनेक देशांपुढील प्रश्न आहे. या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ व कागदोपत्री नोंदलेला अनुभव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्या अनुभवाचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे व पद्धती

१) अमेरिकेतील जलीय प्रजातींच्या व्यापारविषयक कायद्यांचा कालक्रमानुसार आढावा घेणे. २) इंटरनेट व्यापारामुळे या कायद्यांपुढे उभ्या राहिलेल्या अडचणी स्पष्ट करणे. ३) आक्रमक प्रजातींचा शोध प्रत्यक्षात कोणाकडून लागला, याचे परीक्षण करणे. ४) या अनुभवातून भारतासाठी कोणता बोध घेता येईल, याचा विचार करणे. या लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

जलमार्गांची सफाई ते विक्रीबंदी (१८९९ ते १९५६)

अमेरिकेत जलपर्णीचा प्रवेश एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १८८४-८५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे भरलेल्या कापूस प्रदर्शनात ती भेट म्हणून वाटली गेली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. या कथेची सत्यासत्यता वादग्रस्त असली, तरी १८९० च्या दशकात फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदी या वनस्पतीने भरून गेली होती आणि नौकानयनास अडथळा निर्माण झाला होता, याविषयी दुमत नाही. परिणामी १८९९ च्या नद्या व बंदरे कायद्यान्वये लष्कराच्या अभियांत्रिकी दलास फ्लोरिडा व लुइझियाना येथील जलमार्गांतून ही वनस्पती काढण्याचा अधिकार देण्यात आला. १९१० मध्ये तर लुइझियानाचे लोकप्रतिनिधी रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी आफ्रिकेतून पाणघोडे आणण्याचे विधेयक मांडले. पाणघोडे जलपर्णी खातील आणि देशास मांसही मिळेल, अशी त्यामागील कल्पना होती. एका परकीय प्रजातीवर दुसऱ्या परकीय प्रजातीचा उतारा सुचविणारे हे विधेयक संमत झाले नाही, हे सुदैवच म्हटले पाहिजे.

या सर्व काळात शासनाचे लक्ष पाण्यात पसरलेल्या वनस्पतीकडे होते. तिच्या विक्रीकडे कायद्याची दृष्टी वळली ती १९५६ मध्ये. त्या वर्षी जलपर्णी, अॅलिगेटर वीड आणि वॉटर चेस्टनट या तीन पाणवनस्पतींची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहतूक करणे हा संघीय गुन्हा ठरविण्यात आला. यांपैकी वॉटर चेस्टनट म्हणजे ट्रापा ही वनस्पती होय. आपल्याकडे उपवासाला खाल्ला जाणारा शिंगाडा याच गोत्रातील आहे. या कायद्याची एक तरतूद विशेष लक्षणीय होती. या वनस्पतींच्या खरेदी-विक्रीची जाहिरात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठविणे हादेखील गुन्हा मानण्यात आला होता. शिक्षा मात्र ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद एवढी सौम्य होती. वस्तू हाती लागण्यापूर्वी तिची जाहिरात फिरते आणि तेथेच व्यापार अडविता येतो, हे तत्त्व संगणकयुगाच्या कितीतरी आधी कायद्याने ओळखले होते, असे म्हणता येते.

लेसी कायदा व यादीची पद्धत

प्राण्यांच्या बाबतीत नियमनाचा पाया १९०० च्या लेसी कायद्याने घातला. आयोवा राज्याचे लोकप्रतिनिधी जॉन लेसी यांच्या नावाने तो ओळखला जातो. अवैध शिकारीच्या व्यापारास आळा घालणे हा त्याचा मुख्य हेतू होता. तथापि त्याच कायद्याने मुंगूस, फलाहारी वटवाघूळ, इंग्लिश चिमणी व स्टार्लिंग पक्षी यांच्या आयातीवरही बंदी घातली. येथूनच 'अपायकारक वन्यजीवां'ची यादी करण्याची पद्धत रूढ झाली. ज्या प्राण्याचे नाव यादीत आहे, त्याला बंदी. ज्याचे नाव यादीत नाही, त्याला मोकळीक, असे या पद्धतीचे थोडक्यात सूत्र आहे.

वनस्पतींच्या बाबतीत असेच सूत्र १९७४ च्या संघीय उपद्रवी तण कायद्याने स्वीकारले. यास हायड्रिला या पाणवनस्पतीचे उदाहरण लागू पडते. भारतासह आशियातील गोड्या पाण्यात आढळणारी ही वनस्पती १९५० च्या दशकात शोभेच्या मत्स्यटाक्यांसाठी फ्लोरिडात आणली गेली आणि तेथून कालव्यांत पसरली. तिचे नाव उपद्रवी तणांच्या यादीत आले, तोपर्यंत ती फ्लोरिडाच्या पाण्यात स्थिरावली होती. यादीच्या पद्धतीची ही मूलभूत मर्यादा होय. अपाय सिद्ध झाल्याशिवाय नाव यादीत येत नाही आणि अपाय सिद्ध होईपर्यंत प्रजाती हाताबाहेर गेलेली असते.

झेब्रा शिंपल्याचा धडा (१९८८ ते १९९०)

या इतिहासाला निर्णायक वळण दिले ते नखाएवढ्या एका शिंपल्याने. काळा समुद्र व कॅस्पियन समुद्र यांच्या परिसरातील हा पट्टेदार शिंपला जून १९८८ मध्ये अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील सेंट क्लेअर सरोवरात आढळला. तो प्रथम दृष्टीस पडला कॅनडातील विंडसर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या. जहाजांचा तोल राखण्यासाठी तळाशी भरलेल्या पाण्यातून तो आला असावा, असे मानले जाते.

झेब्रा शिंपल्याची मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालू शकते. त्याच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. प्रौढ शिंपला चिवट धाग्यांनी दगड, नौका, नळ अशा कोणत्याही कठीण पृष्ठभागाला चिकटतो आणि ओलावा असेल तर पाण्याबाहेरही काही दिवस जिवंत राहतो. मोठ्या संख्येने तो पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून खातो. त्यामुळे माशांच्या पिलांचे अन्न घटते. डिसेंबर १९८९ मध्ये मिशिगन राज्यातील मन्रो या शहराच्या पाणीपुरवठ्याचे तोंड शिंपल्यांनी तुंबले आणि शहराला पाण्याविना दिवस काढावे लागले. नळ कोरडे पडले, तेव्हा हा विषय जीवशास्त्रज्ञांच्या कक्षेतून निघून घराघरांत पोहोचला.

या अनुभवातून १९९० मध्ये परदेशी जलीय उपद्रवी प्रजातींचा प्रतिबंध व नियंत्रण करणारा कायदा संमत झाला. त्यान्वये झेब्रा शिंपल्याचे नाव लेसी कायद्याच्या यादीत समाविष्ट करण्यात आले, तसेच विविध खात्यांत समन्वय साधणारे कृतिदल स्थापन झाले. याच व्यवस्थेचा एक भाग म्हणून फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथील परदेशी जलीय प्रजातींचा माहितीसाठा विकसित झाला. अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते तो चालविते. कोणत्याही नागरिकाने एखादा संशयास्पद जीव पाहिल्यास त्याची वर्दी येथे देता येते. यादीइतकी प्रसिद्धी या तरतुदीला लाभली नाही. परंतु तिचे महत्त्व तीस वर्षांनी सिद्ध झाले, हे पुढे दिसून येईल.

मत्स्यटाकी व मासळीबाजार

व्यापारमार्गाचा धोका अधोरेखित करणाऱ्या दोन घटना २००० ते २००२ या काळात घडल्या. पहिली घटना कॉलर्पा टॅक्सिफोलिया या समुद्री शैवालाची. मत्स्यालयांत वाढविलेला त्याचा एक वाण १९८४ मध्ये भूमध्य समुद्रात मोनॅको येथील सागर-संग्रहालयाच्या लगत आढळला आणि पुढे किनाऱ्यालगत दूरवर पसरला. अमेरिकेने १९९९ मध्ये त्याला उपद्रवी तणांच्या यादीत टाकले. हे पाऊल वेळेवर उचललेले होते. तरीही जून २००० मध्ये कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथील अग्वा हेडिओंडा खाजणात तेच शैवाल सापडले. सागरी गवताची पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांच्या ते नजरेस पडले होते. शैवालावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरिन सोडण्यात आला. २००६ मध्ये त्याचे पूर्ण उच्चाटन झाल्याचे घोषित करण्यात आले. या कामी ७० लाख डॉलरहून अधिक खर्च झाला. कोणाच्या तरी मत्स्यटाकीतून ओतलेल्या पाण्याची ही किंमत होती.

दुसरी घटना मेरीलँड राज्यातील क्रॉफ्टन येथील तळ्याची. मे २००२ मध्ये गळ टाकून बसलेल्या एका हौशी मासेमारास अनोळखी मासा मिळाला. त्याने त्याचे छायाचित्र काढून राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याकडे नेले. तो आशियातील 'स्नेकहेड' मासा निघाला. आपल्याकडील मरळ याच कुळातील आहे. न्यूयॉर्कच्या जिवंत माशांच्या बाजारातून खाण्यासाठी आणलेले मासे एका रहिवाशाने तळ्यात सोडले होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तळ्यात मत्स्यविष टाकण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये स्नेकहेडच्या सर्व जातींवर संघीय बंदी आली. येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी मासेमाराची वर्दी आली, नंतर यादीत नाव चढले.

टपालापासून इंटरनेटपर्यंत

याच सुमारास संशोधकांचे लक्ष नव्या बाजारपेठेकडे वळले. २००१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील स्ट्रॅटफोर्ड के आणि स्टीव्ह हॉइल यांनी टपाल व इंटरनेटद्वारे होणाऱ्या पाणवनस्पतींच्या विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. संघीय किंवा राज्यांच्या यादीतील जवळजवळ प्रत्येक उपद्रवी पाणवनस्पती कोठे ना कोठे विकत मिळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००६ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातील लिंडा वॉल्टर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलर्पा शैवाले इंटरनेटवरील दुकानांतून व लिलाव-स्थळांवरून प्रत्यक्ष मागवून पाहिली. कॅलिफोर्नियात शैवालाच्या उच्चाटनाचे काम चालू असतानाच त्याची भावंडे घरपोच मिळत होती, हे त्यातून दिसून आले.

या अभ्यासांपैकी सर्वांत बोधप्रद अभ्यास मिनेसोटा विद्यापीठातील क्रिस्टीन माकी आणि सुझन गॅलाटोविच यांचा होय. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी देशभरातील विक्रेत्यांकडून पाणवनस्पती मागविल्या. बंदी असलेल्या वनस्पती मागितल्या असता ९२ टक्के वेळा त्या मिळाल्या. याहूनही महत्त्वाची बाब अशी की, ९३ टक्के मागण्यांच्या पार्सलांमध्ये न मागितलेली एखादी वनस्पती किंवा प्राणी आढळला. बंदी मोडली जाते, एवढेच पहिल्या आकड्यावरून कळते. दुसरा आकडा अधिक मूलगामी प्रश्न उपस्थित करतो. ग्राहकाने कायदा पाळला, विक्रेत्यानेही पाळला, तरी पार्सलात तिसरेच काही येते. ज्याची मागणी नाही, ज्याची जाहिरात नाही आणि ज्याचे नाव पावतीवर नाही, त्याला यादी कशी अडविणार?

विक्रीच्या जाहिराती शोधण्यासाठी यंत्रणा उभारण्याचा प्रयत्न मात्र झाला. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेट लेक्स कमिशन या आंतरराज्यीय संस्थेने 'ग्लॅडिएटर' या नावाने ओळखली जाणारी एक संगणक प्रणाली विकसित केली. ठराविक प्रजातींची नावे घेऊन ही प्रणाली इंटरनेटवरील विक्रीस्थळे धुंडाळते आणि मिळालेली माहिती नियमन व प्रबोधन करणाऱ्यांच्या हाती देते. १९५६ च्या कायद्यातील जाहिरातबंदीच्या तत्त्वाचे हे आधुनिक रूप म्हणता येईल. तथापि ही प्रणालीही अखेर नावेच शोधते. विक्रेत्याने व्यापारी टोपणनाव वापरले किंवा त्यालाच आपण काय विकतो याची कल्पना नसली, तर यंत्राचे डोळेही तेथे थकतात.

शेवाळाच्या गोळ्यातील शिंपला (२०२१)

हा संभव प्रत्यक्षात आला तो २०२१ मध्ये. मत्स्यटाकीत शोभेसाठी 'मॉस बॉल' या नावाने हिरवे मखमली गोळे विकले जातात. नावात मॉस असले, तरी ते एगाग्रोपिला लिनेई या हिरव्या शैवालाचे गोळे असतात. जपानमध्ये त्यांना 'मारिमो' म्हणतात. होक्काइडो बेटावरील अकान सरोवरातील मारिमोंना १९५२ मध्ये विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देण्यात आला. फारशी निगा न मागणारे हे गोळे दुकानांत तसेच ऑनलाइन विकले जात होते. अपायकारक म्हणून त्यांचा कोणी विचार केलेला नव्हता.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी वॉशिंग्टन राज्यातील सिअॅटल येथील पाळीव प्राण्यांच्या एका दुकानातील कर्मचाऱ्याने गेन्सव्हिलच्या माहितीसाठ्याकडे वर्दी दिली. दुकानात विक्रीस आलेल्या मॉस बॉलमध्ये त्याला झेब्रा शिंपला दिसला होता. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील मत्स्यशास्त्रज्ञ वेस्ली डॅनियल यांनी या वर्दीची दखल घेतली, छायाचित्राद्वारे खात्री करून घेतली आणि पुढे स्वतः गेन्सव्हिलमधील एका दुकानात जाऊन पाहणी केली. सिअॅटलपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या या गावातील मॉस बॉलमध्येही त्यांना शिंपला आढळला. हा एखाद्या दुकानापुरता प्रकार नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले. मत्स्य व वन्यजीव सेवा आणि राज्यांच्या यंत्रणांना सावध करण्यात आले. ८ मार्च २०२१ रोजी खात्याने जाहीर निवेदन काढले, तेव्हा २१ राज्यांतून असे शिंपले आढळल्याच्या नोंदी झाल्या होत्या. पुढे ही संख्या आणखी वाढली. हे गोळे युक्रेनमधून आयात झाले असावेत, असे तपासातून पुढे आले. युक्रेनचा दक्षिण किनारा काळ्या समुद्राला लागून आहे, म्हणजेच तो देश झेब्रा शिंपल्याच्या मूळ प्रदेशातच मोडतो.

पॅसिफिक वायव्येकडील कोलंबिया नदीचे खोरे तोपर्यंत या शिंपल्यापासून मुक्त राखण्यात यश आले होते. तेथे जलविद्युत केंद्रे, सिंचनाचे कालवे व सामन माशांचे जनन-प्रदेश आहेत. नौका एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेताना रस्त्यावरील तपासणी नाक्यांवर त्या धुऊन घेतल्या जात. एवढा बंदोबस्त असताना शिंपला आला तो एका छोट्या पाकिटात, शोभेच्या वस्तूत लपून. मोठी विक्रेती दुकाने माल मागे घेऊ लागली. परंतु जे गोळे आधीच घरोघरी पोहोचले होते, त्यांचे काय करावे, हा खरा प्रश्न होता. मत्स्य व वन्यजीव सेवेने त्यासाठी साध्या सूचना दिल्या. गोळा किमान २४ तास गोठवावा, किंवा किमान एक मिनिट उकळत्या पाण्यात ठेवावा, किंवा पातळ न केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये २० मिनिटे बुडवावा, अथवा ब्लीचच्या द्रावणात टाकावा. नंतर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कचऱ्यात टाकावा. टाकीतील पाणी निर्जंतुक केल्याविना नाल्यात, तलावात किंवा गटारात ओतू नये. संघीय शासनाचे आरोग्य-विज्ञान शेवटी घरातील स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले, ही घटना आपल्या परीने अपूर्व होती.

या प्रसंगाची १९८८ च्या प्रसंगाशी तुलना करणे उद्बोधक ठरते. १९८८ मध्ये शिंपला विद्यार्थ्यांनी पाहिला, पण राष्ट्रीय पातळीवरील कायदा होण्यास दोन वर्षे लागली. मधल्या काळात तो पंचमहासरोवरांत पसरला. २०२१ मध्ये वर्दीपासून जाहीर निवेदनापर्यंत अकरा दिवस लागले. तेव्हा प्रजाती यादीत नव्हती, आता ती ३० वर्षांपासून यादीत होती. मात्र या वेळी धोका लक्षात आणून दिला तो यादीने नव्हे. मॉस बॉल यादीत नव्हताच आणि शिंपल्याचे नाव कोणत्याही पावतीवर नव्हते. एका कर्मचाऱ्याने निरखून पाहिले, त्याला वर्दी देण्याचे ठिकाण ठाऊक होते आणि ती वाचण्याची जबाबदारी असलेली व्यक्ती तेथे होती. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून अकरा दिवस पुरले.

कायद्याचे शैथिल्य (२०१७ ते २०२२)

वर्दीची व्यवस्था अशी उपयोगी पडत असताना यादीमागील कायद्याचे बळ मात्र कमी होत गेले, असे दिसते. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया जिल्ह्यातील अपील न्यायालयाने सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या संघटनेने दाखल केलेल्या खटल्यात महत्त्वपूर्ण निर्णय दिला. लेसी कायद्यातील अपायकारक वन्यजीवविषयक तरतूद खंडभूमीवरील ४९ राज्यांमधील परस्पर वाहतुकीस लागू होत नाही, असा त्याचा आशय होता. खटला अजगरांसंबंधी होता, परंतु त्याचा परिणाम यादीतील जलचरांच्या अंतर्गत व्यापारावरही होणे क्रमप्राप्त होते. राज्याचा कायदा मोडून केलेली आंतरराज्यीय वाहतूक लेसी कायद्याच्या अन्य तरतुदींनुसार गुन्हा ठरते, हे खरे. तथापि त्यासाठी त्या त्या राज्याचा कायदा असावा लागतो आणि राज्यांचे कायदे परस्परांहून भिन्न आहेत. एका राज्यात निषिद्ध असलेली वनस्पती शेजारच्या राज्यात खुली असू शकते. इंटरनेटवरील विक्रेत्यापुढे मात्र एकच देशव्यापी दुकान असते.

१९५६ च्या कायद्याचा शेवटही येथे नोंदविला पाहिजे. २७ डिसेंबर २०२० रोजी अमलात आलेल्या एका मोठ्या कायद्यात कालबाह्य गुन्ह्यांची सफाई करणारा विभाग होता. त्यान्वये जलपर्णीच्या वाहतुकीसंबंधीचे कलम रद्द झाले. संघीय दंडसंहितेतील अडगळ दूर करणे हा हेतू गैर नव्हता. पण जाहिरातीला गुन्हा मानणारे ते जुने कलम रद्द झाले आणि पुढील दोनच महिन्यांत सिअॅटलची वर्दी आली, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकास अंतर्मुख करणारा आहे. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केलेल्या एका विधेयकात लेसी कायद्याची आंतरराज्यीय बंदी पुन्हा प्रस्थापित करण्याची तरतूद होती. पाळीव प्राण्यांच्या व्यापारी संघटनांनी तिला विरोध केला. ऑगस्ट २०२२ मध्ये अंतिम कायदा झाला, तेव्हा ही तरतूद त्यात नव्हती.

व्यापाऱ्यांची बाजूही येथे लक्षात घेणे न्याय्य ठरेल. शोभेच्या जलचरांच्या व्यापारावर अनेक लहान कुटुंबांची उपजीविका चालते. त्यांपैकी बहुसंख्य प्रजाती निरुपद्रवी असतात. सरसकट बंदी घातल्यास व्यापार भूमिगत होण्याची भीती असते आणि भूमिगत व्यापारातून वर्दी येत नाही. सिअॅटलची वर्दी दुकानातूनच आली, ही गोष्ट या संदर्भात विसरता येणार नाही.

भारतीय संदर्भ

झेब्रा शिंपल्याच्याच कुळातील मायटिलोप्सिस सॅलेई हा शिंपला मूळचा अमेरिका खंडातील. तो १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात आढळला आणि १९७० च्या दशकात मुंबई बंदरातही त्याची नोंद झाली. तो जहाजांबरोबर आला. शोभेच्या व्यापारातून आलेली उदाहरणेही भारतात आहेत. मत्स्यटाकीतील शेवाळ खाऊन काच स्वच्छ ठेवणारा 'सकर' मासा केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार अशा अनेक राज्यांतील नद्या-तलावांत पोहोचला आहे. टाकीत वाढून मोठा झाला म्हणून दयेपोटी तलावात सोडलेला मासा मच्छीमारांची जाळी फाडतो आणि स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी होतो.

कायद्याच्या पातळीवर भारताने अलीकडे महत्त्वाचे पाऊल उचलले आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये कलम ६२-अ समाविष्ट करण्यात आले. १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती अमलात आली. या कलमान्वये आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांचे नियमन करण्याचा किंवा त्यांस मनाई करण्याचा अधिकार केंद्र शासनास अधिसूचनेद्वारे प्राप्त झाला. अधिसूचना म्हणजे पुन्हा यादीच होय. म्हणून अमेरिकेच्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवाचा येथे विचार करणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, अमेरिकेतील नियमनाचा विकास यादीच्या पद्धतीने झाला. ही पद्धत आवश्यक आहे, परंतु ती ज्ञात प्रजातींपुरतीच परिणामकारक ठरते. दुसरा, इंटरनेट व्यापाराने जाहिरात, विक्री व वाहतूक यांच्यातील अंतर जवळजवळ नाहीसे केले. त्यामुळे बंदर व सीमा येथील तपासणीचे महत्त्व सापेक्षतेने घटले. तिसरा, व्यापाराचा गंभीर धोका केवळ निषिद्ध मालात नसून निर्धोक मालासोबत येणाऱ्या अनाहूत जिवांतही आहे. २००४ च्या मिनेसोटा अभ्यासाने हे दाखविले होते आणि २०२१ च्या घटनेने ते सिद्ध केले. चौथा, विद्यार्थी, पाणबुडे, हौशी मासेमार व दुकानातील कर्मचारी अशा सामान्य निरीक्षकांनीच या इतिहासातील महत्त्वाचे शोध लावले. त्यांची वर्दी स्वीकारणारी व तिची तत्परतेने दखल घेणारी यंत्रणा ज्या वेळी अस्तित्वात होती, त्या वेळी हानी मर्यादित राहिली.

भारतात कलम ६२-अ च्या अधिसूचना निघतील, त्यांत प्रजातींची नावे येतील. पण एखाद्या गावातील मच्छीमाराच्या जाळ्यात अनोळखी मासा सापडला किंवा शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला पार्सलात न मागितलेला शिंपला दिसला, तर त्याने ते कोणास कळवावे आणि कळविल्यावर ते कोण वाचील, या प्रश्नाचे उत्तरही त्या अधिसूचनांबरोबरच तयार असले पाहिजे. जलपर्णीच्या बाबतीत ते उत्तर वेळेवर मिळाले नाही. त्याची किंमत आपल्या नद्या आजही मोजत आहेत.